मासिक सभेत मी न मांडलेला ठराव प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) माझ्या नावावर आहे. काय करावं?

माणदेशी_सदस्या
१६ एप्रिल

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका छोट्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आम्ही सात सदस्य आणि थेट निवडून आलेले सरपंच. माझा वॉर्ड तीन, महिला राखीव. वॉर्ड म्हणजे गावठाणापासून दोन किलोमीटरवरच्या वस्त्या, ३४ घरं, लहानमोठी धरून १७० माणसं. माझं शिक्षण बारावी. दोन एकर कोरडवाहू, सहा शेळ्या, मालक म्हसवडला गॅरेजमध्ये कामाला. गावाचं नाव देत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय ती रोज समोर येणारी माणसं आहेत आणि त्यातली निम्मी आमच्या भावकीतली आहेत.

मार्चच्या सभेचं सांगते. शिपाई नोटीस बुक घेऊन घरी आला, मी सही केली, विषय वाचले. नऊ विषय होते. मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करणे, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी, आलेल्या टपालाचे वाचन, बंद पडलेले एलईडी दिवे, टँकरचा प्रस्ताव, घरपट्टीची थकबाकी, दोन वारस नोंदी, अंगणवाडीचे गळके पत्रे आणि शेवटी नेहमीचं, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. गेल्या गेल्या हजेरीच्या पानावर सह्या झाल्या. मग बोलणं.

सगळ्यात जास्त वेळ टँकरवर गेला आणि त्यात मी बोलले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच न घाबरता बोलले म्हणा. टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो. वस्तीवरच्या बायकांना तिथून हंडे आणायचे म्हणजे जाऊन येऊन चार किलोमीटर. माझ्या शेजारची सून सात महिन्यांची गरोदर आहे, तीसुद्धा आणते. मी म्हणाले, निदान एक खेप वस्तीवर टाकी ठेवून तिथं रिकामी करा, आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्यात वस्तीपर्यंत दोन इंची पाइपलाइन घ्या. सरपंच म्हणाले, बघू, घेऊ. दोघांनी माना हलवल्या. चहा आला, सभा संपली. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की आपलं मांडून झालं.

परवा नणंदेच्या रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेले होते. टेबलावर प्रोसिडिंग बुक उघडं होतं, मी वाचलं. टँकरच्या विषयाखाली एवढंच: "सविस्तर चर्चा होऊन प्रस्ताव पाठविण्यात यावा असे ठरले." वस्तीचं नाव नाही, पाइपलाइनचं नाव नाही. आणि शेवटी आयत्या वेळच्या विषयांत गावठाणातल्या एका गल्लीला पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव. सूचक म्हणून माझं नाव. सर्वानुमते मंजूर.

मी सभा संपेपर्यंत तिथंच होते. पेव्हर ब्लॉक हा शब्द त्या दिवशी कुणाच्या तोंडातून निघाला नाही.

घरी येऊन जेवले नाही. पैशांपेक्षाही मला दुसरंच लागलं. माझ्या बायकांसाठी मी जे मागितलं ते पुसलं गेलं आणि जे मागितलं नाही ते माझ्या नावावर चढलं. उद्या वस्तीवरचा एखादा पोरगा ते पान वाचून विचारेल, वहिनी, तुम्ही आमच्यासाठी पाणी मागायचं सोडून गल्लीला ब्लॉक मागितले?

तर विचारायचं असं, की हे दुरुस्त होतं का? मी आधीच सही केली म्हणजे माझं बोलणं संपलं का? आणि तक्रार केली तर वस्तीच्या टँकरवर त्याचा राग निघेल का? मला कुणाला खुर्चीवरून काढायचं नाही. मी जे बोलले ते लिहिलेलं असावं, एवढंच.

निवृत्त_ग्रामसेवक
१६ एप्रिल

ताई, ३१ वर्षं ग्रामसेवक होतो, बहुतेक कवठेमहांकाळ आणि जत भागात. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, काम तेच आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

पहिली गोष्ट मनातून काढून टाका. तुमची सही हजेरीची आहे. ती तुम्ही सभेला होता एवढं सांगते, खाली जे लिहिलंय ते तुम्हाला मान्य आहे असं सांगत नाही. मार्चच्या सभेचं प्रोसिडिंग एप्रिलच्या सभेत वाचून कायम व्हायचं आहे. तो विषय क्रमांक एक असतो आणि बहुतेक गावांत "वाचलं असं समजू" म्हणून अर्ध्या मिनिटात उरकतात. तुमची जागा नेमकी तिथं आहे. त्या दिवशी उभं राहून म्हणायचं, पूर्ण वाचा. वाचू द्यायचं, मध्ये बोलायचं नाही. वाचून झालं की सांगायचं, या ठरावाची सूचक मी नाही, हा विषय सभेत निघाला नाही, आणि टँकरच्या विषयात मी केलेली मागणी नोंदवलेली नाही, ती नोंदवून मगच कायम करा. ऐकलं नाही तर त्या दिवशीच्या प्रोसिडिंगमध्ये तुमची हरकत तुमच्या नावासह लिहायला सांगा, आणि लिहिलेलं वाचून झाल्याशिवाय उठू नका.

पण नुसतं तोंडी बोलून जाऊ नका. सभेच्या आधी साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्यायचा. कोरा राग लिहू नका, आकडे लिहा. १७० माणसं, टँकरचं पाणी दरडोई २० लिटर धरतात, म्हणजे वस्तीला रोज ३,४०० लिटर. १० हजार लिटरचा टँकर असेल तर एक खेप जेमतेम तीन दिवस पुरते. म्हणजे तुम्ही मागताय ती दर तीन दिवसांनी एक खेप आणि पाच-पाच हजारांच्या दोन टाक्या. हे कागदावर आलं की "बघू" म्हणणं अवघड जातं, कारण बघायचं काय ते समोर असतं.

आता पेव्हर ब्लॉकचं. सभेत एकच प्रश्न विचारा, हा खर्च कुठल्या निधीतून? पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे २०२५-२६ पर्यंतचा, असेल तर त्यात ६० टक्के बंधित असतो. तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. ब्लॉक बंधितमधून बसवता येत नाहीत. तुमची पाइपलाइन मात्र बंधितमधून होते, फक्त गावाच्या आराखड्यात ते काम यायला हवं. म्हणजे तुमचं मागणं त्यांच्या कामाच्या आड येत नाही, त्याचा कप्पाच वेगळा आहे. हे सरपंचांना शांतपणे सांगितलंत तर निम्मं भांडण तिथंच मिटेल.

आयत्या वेळच्या विषयांबद्दल माझं मत कडक आहे. साध्या सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी देतात ती सदस्यानं विचार करून, वस्तीत चार माणसांना विचारून यावं म्हणून. आयत्या वेळी दुखवट्याचा ठराव घ्या, अभिनंदनाचा घ्या, अचानक जळालेल्या मोटारीचा घ्या. चार महिने थांबू शकणारं काम तिथं आणायचं नाही.

आणि एक सांगतो, कारण हे सांगितलं नाही तर मी खरं बोललो असं होणार नाही. नोकरीच्या सुरुवातीला मीही पानाच्या तळाला ओळी कोऱ्या सोडायचो. वरून सांगितलं जायचं, थोडी जागा ठेवा. एका गावात विहिरीचा गाळ काढण्याच्या ठरावाखाली अशाच कोऱ्या ओळीत भलतंच काम घुसलं. पुढं स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघाला आणि वसुली माझ्या पगारातून झाली. पैसे गेले त्याचं काही नाही. त्या ठरावाची सूचकही एक बाईच होती, निरक्षर. लोक तिला विचारायला लागले, तेव्हा ती माझ्या दारात येऊन बसली होती. त्यानंतर शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारल्याशिवाय मी पुस्तक मिटलं नाही. तुमच्या सभेतही रेघ मारायला लावा.

पुसेगावकडचा
१६ एप्रिल

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी थोडंच. ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर तुमच्या ग्रामपंचायतीचा वर्षाचा आराखडा आणि झालेली देणी दोन्ही दिसतात. मोबाइलवर उघडा आणि ब्लॉकचं काम आराखड्यात आहे का ते आधी बघा. प्रोसिडिंगची प्रत हवी असेल आणि कुणी आढेवेढे घेतले तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीचे पानाला दोन रुपये. ३० दिवसांत द्यावी लागते. पण तुम्ही सदस्य आहात, आधी नुसतं मागून बघा.

कृष्णाकाठची_माजी_सरपंच
१७ एप्रिल

बाळा, तू जेवली नाहीस हे वाचून मला राहवलं नाही. मी पलूस तालुक्यात पाच वर्षं सरपंच होते. सातवी शिकलेली. पहिले सहा महिने मीही पान न वाचता सही केली, कारण सगळ्यांसमोर अडखळत वाचायची लाज वाटायची. मग आमच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तुम्ही वाचू नका, वाचून घ्या. तेव्हापासून मी पद्धतच पाडली. सभा संपली की लगेच, चहाच्या आधी, लिहिलेला प्रत्येक ठराव मोठ्यानं वाचायचा. वेळ लागायचा, माणसं कुरकुरायची. पण मी वाचून घ्यायची.

त्या लिहिण्याची किंमत मला २०१९ च्या पुरात कळली. ऑगस्टमध्ये पाणी ग्रामपंचायतीत शिरलं, खालचं दप्तर भिजलं, वरच्या फळीवरची प्रोसिडिंग तेवढी वाचली. पाणी ओसरल्यावर पहिली सभा देवळात घेतली. दुसरं काय होतं तेव्हा विषयांत, मेलेली जनावरं उचलणं, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, विहिरी उपसणं, कुणाच्या भिंती पडल्या त्यांची नावं. आमच्या एका सदस्येनं शेवटच्या आळीतल्या एकट्या म्हातारीचं नाव घ्यायला लावलं. पडलेलं खोपटं, लांबून दिसायचंही नाही. पुढं पंचनाम्यांच्या यादीतून ती म्हातारी सुटली. आम्ही त्या सभेच्या ठरावाची प्रत घेऊन तालुक्याला गेलो, पुन्हा पंचनामा झाला आणि तिला मदत मिळाली. त्या दिवशी देवळात ते नाव लिहिलं नसतं तर आमच्याकडं दाखवायला काय होतं?

म्हणून तू हे सोडू नकोस. आणि एक वाट सांगते. १ मेला ग्रामसभा आहे. तिच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती बऱ्याच गावांत कागदावरच होते, तू खरी घ्यायला लाव. वस्तीवरच्या बायकांना घेऊन जा, सगळ्यांच्या सह्याअंगठ्यांनिशी टाकीचा आणि पाइपलाइनचा ठराव कर. एकटीचं नाव खोडता येतं, पंचवीस बायकांचं खोडायला हात थरथरतो. त्या गरोदर पोरीला मात्र हंडे आणू देऊ नका, आपसात वाटून घ्या.

मालकांना सभेत नेऊ नकोस. सदस्याच्या जागी घरच्यांनी बसायचं नसतं, आणि एकदा ते बसले की पुढं तुझं कुणी ऐकणार नाही.

पाटणचा_उपसरपंच
१७ एप्रिल

मी थोडं वेगळं बोलतो, ताई, राग मानू नका. तुमच्या बाबतीत झालं ते चूकच आहे. दुसऱ्याचं नाव सूचक म्हणून घालणं हे कुठल्याही घाईनं माफ होत नाही. पण वगळणं आणि घुसडणं या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो.

आमच्या ग्रामपंचायतीत नऊ वाड्या आहेत, डोंगरात पसरलेल्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं दोन गावं, आमच्याकडं मंगळवार आणि शुक्रवार. सभेत आठ जण एकदम बोलतात. तो चिठोऱ्यावर टिपून घेतो आणि प्रोसिडिंग रात्री घरी बसून लिहितो. अशात वाडीचं नाव सुटतं. माझंही सुटलंय. आमच्या वाडीच्या साकवाचं, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं, मी तीन सभांमध्ये बोललो आणि तिन्ही वेळा "रस्त्यांबाबत चर्चा झाली" एवढंच लिहिलं गेलं. मी चिडलो होतो. मग एका शुक्रवारी अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसलो तेव्हा कळलं, माझं बोलणं म्हणजे अर्धा तास गाऱ्हाणं होतं. ठराव म्हणून लिहिता येईल असं एक वाक्य त्यात नव्हतं. पुढच्या वेळी मी वाक्य घरून लिहून नेलं: अमुक वाडीच्या ओढ्यावरील साकवाची दुरुस्ती करणेकामी बांधकाम विभागाकडे मागणी करण्यात यावी. वाचलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. जसंच्या तसं आलं.

म्हणून अर्ज द्याच, पण देण्याआधी एकदा सरपंचांना एकटं गाठून सांगा की मी हे देणार आहे. गावात माणसाला आधी कळलं तर तो वाट काढतो, सगळ्यांसमोर कळलं तर हट्टाला पेटतो. त्या गल्लीत कुणा सदस्याचा ठेका असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा हितसंबंध असेल तर कलम १४ खाली त्याचं पद जातं. तेवढं बघून घ्या.

निवृत्त_ग्रामसेवक
१७ एप्रिल

उपसरपंचांचं पटलं. वाक्य घरून लिहून नेणं हा सगळ्यात चांगला सल्ला आहे. आधी भेटावं का, यावर मात्र माझं मन दोन्हीकडं आहे. काही सरपंच भेटल्यावर सभाच पुढं ढकलतात. म्हणून ताई, भेटायला जाताना अर्ज आवकला लागलेला असू द्या.

माणदेशी_सदस्या
१४ मे

उशीर झाला, लग्नसराई आणि टँकर दोन्ही सुरू. पण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, म्हणून झालेलं सांगायला हवं.

अर्ज लिहिला. चार वेळा फाडला. पाचव्यांदा काकांनी सांगितलेले आकडे घालून एका पानात बसवला. आवक नंबर घेतला आणि तिथूनच सरपंचांच्या घरी गेले, सासूबाईंना बरोबर घेऊन. त्यांनी अर्ज वाचला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सूचक कोणीतरी लागतो म्हणून नाव टाकलं, महिला सदस्याचं असलं की बरं दिसतं. मी म्हणाले, आण्णा, बरं दिसण्यासाठी माझं नाव नको. सासूबाई म्हणाल्या, तिचं नाव आमच्या घराचं नाव आहे. एवढंच बोलणं झालं.

सभा २४ एप्रिलला झाली. मी पूर्ण वाचायला सांगितलं. एकजण म्हणाला, आजपर्यंत असं कुणी सांगितलं नाही. सरपंच म्हणाले, वाचा. वाचून झाल्यावर टँकरच्या विषयात माझी मागणी दुरुस्ती म्हणून लिहिली गेली, वस्तीचं नाव, घरं आणि माणसं घालून. पेव्हर ब्लॉकचा ठराव मी मांडला नव्हता ही माझी हरकत नोंदवली आणि तो विषय परत मांडून मत घेतलं. पाच जण बाजूनं, आम्ही तिघी विरोधात. ठराव झाला. निधी अबंधितमधला आहे असं सांगितलं, तेही लिहून घेतलं. ई-ग्रामस्वराजवर काम आराखड्यात दिसतंय, म्हणजे ते होणार. वाईट वाटलं, पण आता त्या पानावर मी विरोधात आहे आणि ते खरं आहे. शेवटच्या ओळीखाली रेघ मारायला लावली. अधिकारी आमच्याच वयाचे आहेत, म्हणाले, ताई, मलाही हेच बरं पडतं.

१ मेच्या आधी महिलांची ग्रामसभा झाली, शाळेच्या वऱ्हांड्यात. वस्तीवरच्या १९ बायका आल्या, गावठाणातल्या सात. गावठाणातल्या बायका आमच्या विरोधात जातील अशी मला भीती होती. त्यांच्यातलीच एक उठून म्हणाली, टँकर आला की विहिरीवर झुंबड उडते, वस्तीच्या बायका तिकडं भरतील तर आम्हालाही सुटसुटीत होईल. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाइपलाइनचा ठराव तिनंच मांडला, मी अनुमोदन दिलं.

दोन टाक्यांपैकी एकच आली आहे, पाच हजारांची. दुसरीचं दरपत्रक मागवलंय म्हणतात. म्हणून टँकर निम्मा वस्तीवर रिकामा होतो आणि निम्मा विहिरीत, आणि वस्तीला पाणी तिसऱ्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशीच संपतं. लॉगबुकवर वस्तीच्या खेपेची सही मी करते. टीसीएल टाकतात का ते बघायला ओटी टेस्ट कशी करायची हे पाणी सोडणाऱ्या दादांकडून शिकले, नळीतलं पाणी पिवळं झालं की बरं.

आता मे महिन्याच्या सभेची नोटीस आली आहे. विषय क्रमांक सहा: वस्तीसाठी दुसरी टाकी खरेदी व पाइपलाइनच्या सर्वेक्षणाबाबत विचार करणे. काका, सर्वेक्षण पंचायत समितीच्या पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडून करून घ्यायचं असेल तर ठरावाचं वाक्य कसं लिहू? सभा मंगळवारी आहे.